प्लेग आणणारा म्हातारा साहेब : पॅट्रिक गेडिस इंदुरात

इंदूरच्या नगररचनेचा विषय निघाला की पॅट्रिक गेडिसचं नाव येतं, आणि बहुतेक वेळा ‘इंग्रज आर्किटेक्ट’ म्हणून येतं. गेडिस इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. आणि आर्किटेक्टही नव्हता. डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. हक्सलेच्या हाताखाली शिकला, पण पदवी कधी घेतली नाही. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेली. ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचं काम सुटलं. मग एडिनबरोच्या जुन्या वस्तीत बायकोसह राहायला जाऊन पडकी घरं दुरुस्त करता करता हा माणूस शहरांचा वैद्य झाला.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला. वय साठ. नगररचनेचं प्रदर्शन, म्हणजे आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रं, वेगळ्या बोटीतून येत होतं. ती बोट जर्मन ‘एम्डेन’ने बुडवली. विलायतेतल्या मित्रांनी धावपळ करून नवे नकाशे पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा!

मुंबई इलाख्यातली गावं, १९१६ मध्ये बडोदं, आणि मग तुकोजीराव तिसरे यांचं इंदूर. १९१७ हे वर्ष त्याला फार वाईट गेलं. एप्रिलमध्ये मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला, जूनमध्ये बायको इथेच तापाने वारली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो प्लेगने गांजलेल्या आपल्या शहरात नकाशा घेऊन गल्ल्या हिंडत होता.

पुढची हकिकत त्यानेच सांगितलेली, तेव्हा थोडं मीठमसाल्याचं माप धरून वाचावी. लोक त्याला बघून दचकायचे. चौकशी केली तर कळलं, ‘हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब!’ नकाशावाला साहेब आला की घर पाडलं जाणार, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. गेडिसने दरबाराला गळ घातली की मला एक दिवसाचा महाराजा करा. मग जाहीर झालं की या वर्षी दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत जास्त झाडून-सारवून, दुरुस्त केलेली असतील तिथून जाईल. अख्खं शहर कामाला लागलं. मिरवणुकीत लक्ष्मी होती, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, हार घातलेले झाडू घेऊन सफाई कामगार होते. शेवटी तो उंदीर जाळला. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती सफाई कामगारांची. १९१७ मध्ये त्यांना मिरवणुकीत मानाने चालवणं सोपं नव्हतं.

१९१८ चा त्याचा दोन खंडांचा अहवाल आमच्या इंजिनिअर मंडळींना टोचेल असा आहे. रुंद, सरळ रस्त्यासाठी अख्खी ओळ पाडण्याऐवजी एखादं पडकं घर काढा, तिथे मोकळी जागा करा, विहीर साफ करा, झाड लावा, बाकीचं राखा. गटारयोजनेवरही तो तुटून पडला. सगळं गटारात घालण्यापेक्षा सगळं मातीत घाला, मैल्यावर बागा पिकवा, हा त्याचा सूर. माझा धंदाच नळ-गटारांचा होता, म्हणून सांगतो : लाखाच्या आतल्या, मोकळ्या जागा असलेल्या तेव्हाच्या इंदुरात हे हिशेबात बसत होतं. पुढे दाटलेल्या वस्तीला ते पुरलं नसतं. पण खान आणि सरस्वती या नद्या शहराच्या पाठीमागची गटारं नव्हेत, त्यांचे काठ हीच शहराची दर्शनी बाजू, हे त्याचं म्हणणं अजिबात जुनं झालेलं नाही. छत्रीबागेच्या बाजूने एकदा चालून पाहा.

१९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मालवणच्या गो. स. घुर्ये यांना त्यानेच विलायतेतल्या शिक्षणासाठी निवडलं. १९२४ मध्ये तो गेला आणि विभाग घुर्यांकडे आला. नेमक्या त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड हा दुसरा वनस्पतिशास्त्रज्ञ इंदुरात येऊन कचरा आणि शेणापासून खत करू लागला. गेडिसशी त्याचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण जगभर ते खत ‘इंदूर पद्धती’चं म्हणून ओळखलं जातं.