ऋतू मागे राहिला, तिथी सोबत गेली

आपल्या शाळेला गणपतीची सुट्टी लागायची तेव्हा लावणी आटोपलेली असे. शेतं हिरवीगार, घरची माणसं जरा मोकळी आणि रात्री वाडीत जाखडीचा फेर धरायला पायांत बळ शिल्लक. सण ऋतूबरोबरच येतो, अशीच आपली समजूत होती. मॉरिशसचा इतिहास वाचताना ती पहिल्यांदा हलली.

हिंदी महासागरातल्या या बेटावर १८३५ साली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक तिथे उतरले. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातली माणसंही होती. पोर्ट लुई इथला त्यांच्या उतरण्याचा धक्का, आजचा ‘आप्रवासी घाट’, २००६ पासून जागतिक वारसा आहे.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे भाद्रपद म्हणजे सरता हिवाळा. ऊसतोड साधारण जून ते डिसेंबर चालते. म्हणजे गावाकडे हातांना उसंत मिळायची, त्याच दिवसांत तिथे हातात कोयता असायचा. ऋतू मागे राहिला, पण तिथी सोबत गेली. तिथल्या गणेशोत्सवाची परंपरा १८९६ पासूनची सांगतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी मंडळी जाखडीही नाचतात.

शेजाऱ्यांचंही तसंच झालं. चिनी लोकांचा वसंतोत्सव तिथे ऐन उन्हाळ्यात येतो, नाताळही उन्हाळ्यातच. तमिळ लोक कावडी घेऊन निघतात. महाशिवरात्रीला हजारो लोक पायी गंगा तलावाकडे जातात. प्रत्येकाने आपापलं पंचांग आणलं आणि सगळ्यांनी एकमेकांच्या सुट्ट्या वाटून घेतल्या.

आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचं मात्र नावगावसुद्धा हिरावून घेतलं गेलं. त्यांनी बकऱ्याच्या कातड्याचं ‘रावान’ शेकोटीवर तापवून वाजवलं आणि त्यातून सेगा हे गाणं-नाचणं वाढलं. युनेस्कोच्या यादीत २०१४ साली सेगा आला आणि २०१६ साली भोजपुरी बायकांची लग्नातली ‘गीत गवई’. ज्यांना काही आणता आलं आणि ज्यांना काहीच आणू दिलं नाही, त्या दोघांचा वारसा त्या बेटाने आपला मानला.

सगळंच टिकलं असं मात्र नाही. तिथल्या बहुतेक मराठी घरांत आता क्रिओल बोलतात. मराठी मुलं ती भाषा शाळेत शिकतात. घरातून निसटलेलं तिथे शाळेने धरून ठेवलं आहे.

म्हणून हे या स्मरणिकेत लिहावंसं वाटलं. आपणही मुंबई-पुण्याला गेलेले. गावातली कितीतरी घरं वर्षभर कुलपात असतात आणि गणपतीत पाच दिवस उघडतात. तिथी आपणही पाळतो, पण एका पायात चाळ बांधून फेर धरायला पोरांना शिकवणार कोण? समुद्रापार गेलेल्यांनी ऊस तोडून थकलेल्या हातांनी जे जपलं, ते आपल्याला एसटीच्या अंतरावर जपता येऊ नये? ज्यांना चाली अजून पाठ आहेत, त्यांनी या वर्षी चतुर्थीच्या आधी दोन दिवस शाळेत यावं. पटांगण तेच आहे आणि मुलंही आहेत.