नवताऱ्याचा स्फोट: प्रकाश विझल्यावर रेडिओ काय सांगतो?

नवतारा हे नाव फसवं आहे, कारण तो तारा मुळीच नवा नसतो. ज्याचं इंधन संपलंय असा पृथ्वीएवढा, पण जवळपास सूर्याइतकं वस्तुमान असलेला ‘श्वेत बटू’ शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजन ओढत राहतो. साठलेला थर पुरेसा तापला की अणुस्फोट होतो आणि तो थर बाहेर फेकला जातो. श्वेत बटू मात्र शाबूत राहतो. सुपरनोव्हापेक्षा नवतारा वेगळा ठरतो तो इथेच.

भुजंगधारी तारकासमूहातला आर. एस. ऑफियुची असाच वारंवार भडकणारा तारा आहे. (याच समूहातल्या ठळक ताऱ्याचं रासलहेग हे नाव अरबी ‘रास अल-हव्वा’वरून आलंय, म्हणजे गारुड्याचं डोकं.) 1898, 1933, 1958, 1967, 1985, 2006 आणि 2021 असे त्याचे स्फोट नोंदले गेलेत.

डोळ्यांना दिसणारा उजेड काही आठवड्यांत ओसरतो. रेडिओ लहरी मात्र कित्येक महिने येत राहतात आणि त्या दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे तापलेल्या वायूतून निघणाऱ्या. त्यावरून किती माल बाहेर पडला याचा अंदाज येतो. दुसऱ्या, चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या. फेकलेला वायू आसपासच्या वायूवर आदळतो तेव्हा त्या तयार होतात, आणि कमी वारंवारतेला त्यांचा जोर जास्त असतो. म्हणून तिथे जीएमआरटीसारखी दुर्बीण लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या या दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. ढग असोत की भरदुपार, तिचं काम चालू राहतं.

12 फेब्रुवारी 2006 ला आर. एस. ऑफियुची भडकला. विसाव्या दिवशी जीएमआरटीने 610 मेगाहर्ट्झवर त्याचा संकेत पकडला आणि अडतिसाव्या दिवशी 325 मेगाहर्ट्झवर. इतक्या कमी वारंवारतेला या ताऱ्याचा स्फोट पहिल्यांदाच टिपला गेला. 1985 च्या स्फोटात 327 मेगाहर्ट्झवर सहासष्टाव्या दिवशीही काहीच मिळालं नव्हतं. मग फरक कशामुळे पडला?

आम्हाला यातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. या श्वेत बटूचा शेजारी लाल राक्षसी तारा आहे. त्याच्यातून सतत वायूचा वारा वाहतो आणि तो कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो. संशोधकांनी हिशोब मांडला: 2006 मध्ये या वाऱ्याची घनता 1985 च्या तुलनेत जेमतेम 30 टक्के असावी. पडदा विरळ होता म्हणून आवाज लवकर बाहेर आला. म्हणजे एकाच ताऱ्याच्या दोन स्फोटांमध्ये त्याचा परिसर बदलला होता, आणि ते नुसत्या उजेडावरून समजणं अवघड होतं.

प्रश्न फक्त एका ताऱ्यापुरता नाही. आर. एस. ऑफियुचीचा श्वेत बटू सूर्याच्या 1.4 पट या मर्यादेच्या जवळ असल्याचं मानलं जातं. दर स्फोटात तो जितकं कमावतो त्यापेक्षा कमी गमावत असेल, तर ती मर्यादा गाठल्यावर कदाचित सुपरनोव्हा होऊन संपेल. ज्या प्रकारच्या सुपरनोव्हांवरून दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजतात, तो हाच प्रकार. या जमाखर्चातली खर्चाची बाजू, म्हणजे फेकलेल्या वायूचं वस्तुमान, बऱ्याच अंशी रेडिओच्या नोंदींवरून काढावी लागते.