रेसिंग सीट (रस्त्यावरील मोटारींमध्ये)

रेसिंग सीट किंवा बकेट सीट हे मोटार शर्यतींसाठी विकसित झालेले, चालकाच्या शरीराला दोन्ही बाजूंनी घट्ट आधार देणारे आसन होय. वेगाने वळण घेताना चालकाचे शरीर बाहेरच्या दिशेने फेकले जाऊ नये आणि स्टिअरिंग व पेडलांवरील त्याचा ताबा सुटू नये, हा या आसनाचा मुख्य उद्देश आहे. अशी आसने नित्य वापराच्या खासगी मोटारींमध्येही मूळ सीट काढून बसवली जातात. मात्र आधुनिक मोटारीत सीट हा सीट बेल्ट, एअरबॅग आणि डोक्याचा आधार यांच्याशी जोडलेल्या सुरक्षाव्यवस्थेचा भाग असतो. त्यामुळे ती बदलल्यास अपघातातील संरक्षणावर थेट परिणाम होतो.

इतिहास
जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९०६ मध्ये विल्हेल्म रॉयटर यांनी मोटारींचे सांगाडे बनवण्याचा कारखाना सुरू केला. १९६३ मध्ये त्याचा सांगाडे बनवण्याचा विभाग पोर्शे कंपनीने घेतला. उरलेल्या उद्योगाने आसननिर्मितीवर लक्ष केंद्रित केले आणि 'रॉयटर कॅरोसेरी' या नावातील आद्याक्षरांवरून 'रेकारो' हे नाव धारण केले. १९६५ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात या कंपनीने स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवता येणारी स्पोर्ट सीट मांडली. पुढे इटलीतील ओएमपी (१९७३) व स्पार्को (१९७७) आणि जपानमधील ब्रिड (१९८१) या कंपन्या या क्षेत्रात आल्या.

काही उत्पादकांनी अशी आसने कारखान्यातूनच दिली. २००८ च्या रेनो मेगान आर२६.आर या मोटारीत मागची सीट काढून पुढे कार्बन तंतूंच्या बकेट सीट बसवल्या होत्या. इतरही बदल मिळून या मोटारीचे वजन सुमारे १२३ किलोग्रॅमने घटले होते.

प्रकार व रचना
रेसिंग सीटचे दोन मुख्य प्रकार आहेत.

* स्थिर पाठीची सीट : बैठक व पाठ मिळून एकसंध कवच असते. ते काचतंतू, कार्बन तंतू किंवा पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे असते. पाठ मागे कलवता येत नाही. कवचात खांदे, कंबर व मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यांसाठी छिद्रे ठेवलेली असतात.
* कलती सीट : बाजूचे आधार उंच असले तरी पाठीचा कोन बदलता येतो. दोन दारांच्या मोटारीत मागे जाण्यासाठी ती पुढे झुकवता येत असल्याने नित्य वापरास सोयीची ठरते.

स्थिर कवच बहुधा ६ ते १० किलोग्रॅम वजनाचे असते, तर विजेवर सरकणारी मूळ सीट २० किलोग्रॅमहूनही जड असू शकते. मात्र नव्या सीटला लागणारा आधार-सांगाडा व सरकरूळ यांचे वजन धरल्यास प्रत्यक्ष बचत कमी भरते.

बसवणी
मोटारीचा तळ सपाट नसतो. सीटचे आतील बोल्ट मधल्या उंचवट्याजवळ आणि बाहेरील बोल्ट दाराच्या उंबऱ्याजवळ वेगवेगळ्या उंचीवर असू शकतात. म्हणून विशिष्ट मोटारीसाठी बनवलेला आधार-सांगाडा मूळ बोल्टांच्या जागीच बसवतात. त्यावर सरकरूळ, रुळावर इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराच्या बाजूपट्ट्या आणि त्यांना सीटचे कवच असा क्रम असतो. सरकरूळ दोन्ही बाजूंनी कुलूपबंद होणारे असावे लागतात. एकाच बाजूने अडकणारी सीट धक्क्याच्या वेळी पिळवटू शकते.

शर्यतीच्या मोटारींसाठी मोटार क्रीडेची जागतिक नियामक संस्था एफआयए हिच्या नियमांनुसार सीट किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांनी बांधावी लागते. आधारपट्ट्यांची किमान जाडी पोलादासाठी ३ मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूसाठी ५ मिलिमीटर ठरवलेली आहे. तळपत्र्यात नवे छिद्र पाडून केवळ वॉशर लावल्यास अपघाताच्या वेळी बोल्ट पत्रा फाडून निघू शकतो. त्यामुळे पत्र्याच्या खालून रुंद पोलादी पट्टी देणे आवश्यक असते.

सीटची जागा ठरवताना खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचावे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, असा संकेत पाळला जातो. कवचाची रुंदी चालकाच्या कंबरेच्या मापानुसार निवडली जाते.

सुरक्षाव्यवस्थेवरील परिणाम

एअरबॅग : अनेक मोटारींत बाजूची एअरबॅग मूळ सीटच्या पाठीत असते. सीट काढताच ती नाहीशी होते आणि सूचना-दिवा पेटतो. हा दिवा विझवण्यासाठी जोडणीत विद्युत रोधक घालण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यामुळे दिवा विझतो, पण गेलेले संरक्षण परत येत नाही. प्रवाशाच्या सीटखालील वजन ओळखणारा संवेदक काढल्यास पुढील एअरबॅगच्या कार्यातही बिघाड होऊ शकतो. सीट काढण्यापूर्वी बॅटरीची जोडणी तोडून उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे लागते, कारण यंत्रणेत साठलेल्या विजेने एअरबॅग अचानक फुगू शकते.

सीट बेल्ट : बऱ्याच मोटारींत बेल्टचे कुलूप सीटच्याच सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे नव्या आधार-सांगाड्यावर अपघाताचा भार पेलणारी कुलपाची जागा असणे अत्यावश्यक ठरते. मूळ तीन-बिंदू बेल्ट ठेवल्यास त्याचा कंबरपट्टा कवचाच्या कडेवरून न जाता छिद्रातून जाऊन कंबरेच्या हाडावर सपाट बसला पाहिजे. तो पोटावर राहिल्यास धडकेत अंतर्गत अवयवांना इजा होते.

हार्नेस : खांद्यांवरून जाणारे पट्टे मागे तळाला तीव्र उतारावर बांधल्यास धडकेच्या वेळी पाठीच्या कण्यावर खालच्या दिशेने दाब येतो. मांड्यांमधील पट्टा नसलेल्या चार-बिंदू हार्नेसमध्ये कंबरपट्टा वर ओढला जाऊन शरीर त्याखालून पुढे घसरण्याचा धोका असतो. हार्नेसने जखडलेला चालक गाडी उलटल्यास बाजूला वाकू शकत नाही. शर्यतीच्या मोटारीत छत दबू नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, नित्य वापराच्या मोटारीत तो नसतो.

दृष्टी : डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली सीट शर्यतीत बाजूच्या धक्क्यापासून मानेचे रक्षण करते. रस्त्यावर मात्र मागून येणारी वाहने खांद्यावरून वळून पाहताना हेच पंख आड येतात.

प्रमाणीकरण
एफआयएच्या ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची वैधता निर्मितीपासून ५ वर्षे, तर अधिक कडक ८८६२-२००९ या मानकाच्या सीटची १० वर्षे असते. मानक व निर्मितीची तारीख सीटवरील चिठ्ठीवर दिलेली असते. हे प्रमाणपत्र शर्यतीच्या परिस्थितीसाठी असते. त्यावरून सीट रस्त्यावर कायदेशीर ठरते, असे नाही. नामांकित सीटच्या चाचणी न झालेल्या नकलाही बाजारात विकल्या जातात. बाह्यरूप सारखे असले तरी त्यांच्या कवचाच्या बळकटीची खात्री नसते.

कायदेशीर बाजू
युरोपसह अनेक देशांत संयुक्त राष्ट्रांचे नियम लागू आहेत. त्यांपैकी नियम क्र. १७ सीटच्या बळकटीविषयी, तर नियम क्र. १४ बेल्टच्या बांधणीविषयी आहे. अमेरिकेत सीटसाठी संघीय सुरक्षा मानक क्र. २०७ आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा पुनरुच्चार केला. आसनक्षमता नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असल्याने मागची सीट काढून टाकल्यास ही विसंगती उद्भवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बदलाची माहिती विमा कंपनीला दिलेली नसल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्याबाबत वाद उद्भवू शकतो.

हे सुद्धा पहा
* सीट बेल्ट
* एअरबॅग
* मोटार शर्यत