महिला वैमानिकांचे ‘वास्प’ दल विसर्जित

२० डिसेंबर १९४४

अमेरिकी लष्कराच्या हवाई दलांना साहाय्य करणारे ‘वास्प’ हे महिला वैमानिकांचे दल या दिवशी विसर्जित झाले. ५ ऑगस्ट १९४३ रोजी स्थापन झालेले हे दल दीड वर्षही टिकले नाही. मुख्यतः टेक्सासमधील स्वीटवॉटरच्या ॲव्हेंजर फील्डवर १,०७४ महिलांनी प्रशिक्षण पूर्ण केले. त्यांनी कारखान्यांतून नवी विमाने तळांवर पोहोचवली, दुरुस्त विमानांची चाचणी घेतली आणि तोफचींच्या सरावासाठी विमानामागे लक्ष्यपट ओढत नेले. ‘फिफिनेला’ ही पंखवाली चिमुकली परी त्यांचे बोधचिन्ह होती. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ती एका नियोजित चित्रपटासाठी रेखाटली होती. चित्रपट झाला नाही, पण वैमानिकांनी ती आपल्या जाकिटांवर अभिमानाने मिरवली.

प्रशिक्षणात आणि कामगिरीवर असताना ३८ जणींनी प्राण गमावले. मात्र सरकारदप्तरी त्या ‘नागरी कर्मचारी’ होत्या. त्यामुळे त्यांना लष्करी अंत्यसंस्कार नाकारले गेले. पार्थिव घरी पाठवण्याचा खर्चही अनेकदा मैत्रिणींनी वर्गणी काढून भागवला.

सैन्याला तोलून धरणाऱ्या साहाय्यक दलांची सेवा किती सहज विसरली जाते, हे या घटनेतून आजही कळते. या महिलांना माजी सैनिकांचा दर्जा १९७७ मध्ये, तर अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक २०१० मध्ये मिळाले. तोपर्यंत त्यांतील बहुतेकींचे निधन झाले होते. जोखीम सैनिकाची असेल, तर हक्क आणि सन्मानही सैनिकाचाच, आणि तोही वेळेवर मिळायला हवा.