पाणी वाटणारा ओंडका

बालीच्या भातखाचरांचे फोटो जगभर विकले जातात. ती खाचरं ज्याच्या जिवावर उभी आहेत तो लाकडी ओंडका मात्र त्यात क्वचितच दिसतो. पाटात आडवा बसवलेला असतो, वरच्या कडेला दोन-चार खाचा पाडलेल्या असतात. त्याचं नाव तेम्बुकु. पाटाचं पाणी ओंडक्याशी अडतं आणि खाचांमधून फुटून निरनिराळ्या चाऱ्यांना लागतं. ज्याची खाच रुंद, त्याचा वाटा मोठा. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत असल्यामुळे पाट दुथडी वाहत असो की रोडावलेला, प्रमाण बदलत नाही. दार उघडायला कुणी लागत नाही, बंद करायलाही नाही. चोरी करायची तर खाचेत चिखल कोंबावा लागतो, आणि तो बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

या ओंडक्याभोवती जी संस्था उभी राहिली, ती सुबाक. एका बंधाऱ्याच्या, एका पाटाच्या पाण्यावर ज्यांचं भात पिकतं ते सगळे एका सुबाकचे सभासद, मग ते राहायला कुठल्याही गावात असोत. जमीन कितीही असली तरी सभेत मत एकच. प्रमुखाला पेकासेह म्हणतात, नियमांना आविग-आविग. पाणी चोरलं, पाट साफ करायच्या दिवशी दांडी मारली, की दंड.

बालीत हे घडलं त्यामागे भूगोल आहे. तिथल्या नद्यांनी ज्वालामुखीच्या मऊ खडकात खोल घळी कापल्या आहेत. पाणी तळाशी, जमीन वर. मग नदीच्या वरच्या अंगाला बंधारा घालायचा आणि डोंगराच्या पोटातून बोगदा खणून ते पाणी खालच्या उतारावर काढायचं, एवढीच वाट उरते. एकट्यादुकट्या कुणब्याचं हे काम नव्हे. बेबेतिन इथला ताम्रपट शके 818चा, म्हणजे इसवी सन 896चा. (शक आपलाच, बालीत तो आजही चालतो आणि त्याचा पाडवा मौन पाळून साजरा होतो.) त्या ताम्रपटात बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख आहे. म्हणजे हा धंदा तेव्हाच पोट भरण्याजोगा झाला होता. सुबाकचं नाव त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1071-72च्या लेखांत सापडतं. तेव्हा अनक वुंग्सु हा राजा होता, उदयनाचा मुलगा आणि जावात राज्य करून गेलेल्या ऐरलंग्गाचा भाऊ.

राजाचं नाव निघालं की अभ्यासकांना मोह होतो. एवढी मोठी जलव्यवस्था म्हणजे वर हुकूमशहा असणारच, अशी मांडणी विटफोगेल या इतिहासकाराने 1957मध्ये केली. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने 1980च्या ‘नेगारा’ या पुस्तकात दाखवलं की बालीचे राजे सोहळे करत, कर घेत, पाण्याची पाळी मात्र शेतकरीच ठरवत. मला गीर्ट्झचं पटतं. राजे 1906 आणि 1908मध्ये डच बंदुकांपुढे संपले, पण पाट वाहत राहिले.

तरीही एक कोडं उरतं. एका नदीवर डझनावारी सुबाक असतात. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडेल? उत्तर किडीत आहे. शेजारपाजारच्या सगळ्या खाचरांत भात एकाच वेळी लावलं आणि एकाच वेळी कापलं, तर तुडतुड्यांना आणि उंदरांना पुढच्या हंगामापर्यंत खायला काही उरत नाही. कापणीनंतर पाणी भरलेल्या खाचरांत बदकं सोडली की उरलंसुरलं तीच वेचतात. पण सगळ्यांनी एकदम लावणी करायची तर खालच्यालाही वेळेवर पाणी मिळायला हवं. वरच्याला किडीची धास्ती, खालच्याला पाण्याची. दोघांच्या गरजा एकमेकांत अडकतात आणि त्यातून तह होतो. तो होतो देवळात. बंधाऱ्याशी छोटं देऊळ, कित्येक सुबाक मिळून त्याहून मोठं, अशी चढती उतरंड आहे. बातुर सरोवराच्या काठावरचं उलुन दानु हे त्यातलं सर्वांत मानाचं. ते 1926च्या उद्रेकात उद्ध्वस्त झालं, तेव्हा वर, विवराच्या कडेवर नव्याने बांधलं. सरोवरातून नदी निघत नाही; पाणी जमिनीत मुरतं आणि खाली झऱ्यांनी फुटतं. देवी दानु त्या पाण्याची मालकीण, आणि भाताची देवी श्री.

1970च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने हळव्या, खतखाऊ जातींचं भात आणलं आणि जमेल तितक्या वेळा पीक घ्यायचा आदेश काढला. देवळाचं वेळापत्रक बाजूला पडलं. आधी तपकिरी तुडतुडे आले. त्यांना दाद न देणारी आयआर-36 आणली, तर ती टुंग्रो रोगाला बळी पडली. औषधं फवारून फवारून तुडतुड्यांचे शत्रूच मेले. अखेर 1986मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी आली. दरम्यान आशियाई विकास बँकेच्या पैशाने 1979पासून पाट नव्याने बांधले जात होते. तेम्बुकु काढून तिथे लोखंडी दारं बसवली. दार वरखाली करता येतं, हाच त्याचा गुण आणि हाच दोष, कारण वाटा आता नजरेने मोजता येईना. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी ती दारं कायमची उघडी टाकली.

स्टीफन लान्सिंग हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा तिथेच होता. त्याने जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाबरोबर ओस आणि पेतानु या दोन नद्यांवरच्या 172 सुबाकांचं गणित संगणकावर मांडलं. प्रत्येकाने आपल्या मर्जीने लावणी केली तर कीड वाढते. सगळ्यांनी एकदम केली तर पाणी पुरत नाही. सर्वाधिक उत्पन्न येतं ते देवळांनी आखलेल्या गटांत. हजार वर्षांच्या अनुभवाला हे प्रमाणपत्र देणं थोडं आगाऊपणाचंच, पण अधिकाऱ्यांना पटवायला ते उपयोगी पडलं.

युनेस्कोने 2012मध्ये सुबाकच्या पाच जागा, सुमारे 19,500 हेक्टर, जागतिक वारशात घेतल्या. यादीत ‘त्रिहित करण’ (देव, माणूस आणि निसर्ग यांचा मेळ) हे तत्त्वज्ञान मिरवलं आहे. शब्द संस्कृत असले तरी हे सूत्र या रूपात रूढ झालं 1960च्या दशकात. ओंडका त्याहून कितीतरी जुना. पर्यटक ज्या गावी जातात ते जातिलुविह याच वारशात येतं: ताबानान जिल्हा, बातुकारु डोंगराची दक्षिण उतरण, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर. तिथलं लाल भात गरवं आणि उंच वाढणारं, बालीत इतरत्र मागे पडलेलं. तिकीट काढून आत शिरणाऱ्याला रस्त्याकडेच्या खानावळीत त्याच तांदळाचा भात आणि भाजलेल्या तांदळाचा लालसर चहा मिळतो. 2024मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने या गावाला उत्कृष्ट पर्यटन गावांत बसवलं.

त्यामागोमाग पैसेवाले येतात. परदेशी माणसाला इंडोनेशियात शेतजमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. 1960च्या जमीन कायद्याने ती नागरिकांपुरती ठेवली आहे. म्हणून दीर्घ मुदतीचे भाडेकरार होतात, आणि खाचराच्या जागी बंगला उठतो. देखाव्याचे पैसे बंगल्याला आणि खानावळीला मिळतात. देखावा राखणाऱ्याच्या हाती येतो जमिनीच्या चढत्या भावाबरोबर वाढणारा कर. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं, त्यामुळे मधलं एक बुजलं की खालच्याचा वाटा अडतो किंवा त्याला नवी चारी खणावी लागते. सभासद घटले की पाट साफ करायला हात कमी पडतात आणि उरलेल्यांवर भार वाढतो. जातिलुविहच्या परिसरात जागा बघायला जाणाऱ्याने दलालाकडच्या नकाशावर विसंबू नये. त्या तुकड्याचं पाणी कुठल्या तेम्बुकुवरून येतं आणि त्याच्या खाली किती खाचरं आहेत, हे पेकासेहला विचारावं. वारशाच्या हद्दीत बांधकामाला मुभा आहे का, हा प्रश्न त्याच बैठकीत निघेल.