परक्या मुलखातली पंगत

आजचं बोलणं जेवणाचं आहे, पण पाककृती सांगायला आम्ही बसलेलो नाही. आज सांगायचा आहे तो इतिहास, पंगतीचा आणि पंगत घालणाऱ्यांचा. तो सांगावासा का वाटला, ते आधी सांगतो.

गेल्या पौषात, हुरड्याच्या दिवसांत, आमच्या तीन बचत गटांनी मिळून धरणाच्या काठी सहल नेली. दोन चुली मांडल्या. एकीवर मटणाचा रस्सा आणि दुसरीवर पिठलं, वांग्याची भाजी. भाकऱ्या सगळ्यांनी घरून आणलेल्या. गाणी झाली, फुगड्या झाल्या, पंगत बसली. परतीच्या टेम्पोत कळलं, की आमच्यातली एक माळकरी काकू नुसती भाकरी आणि मिरची खाऊन उठली होती. वाढताना कुणीतरी रश्श्यातली पळी वांग्यात घातली होती. तिनं ते पाहिलं आणि बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, "अगं, पोट भरलं होतं माझं." वर्षभर जिनं वेळेवर हप्ता भरला, ती आमच्याच सहलीत उपाशी राहिली.

ही गोष्ट मनाला लागली. मग आम्ही शोधत गेलो, की जिथं आपल्यासारखं खाणारं कुणीच नाही अशा मुलखात लोकांनी काय केलं असेल? वाचनालयातून पुस्तकं आणली, आळीपाळीनं वाचली. त्यातलं जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात आपल्याच बाईपासून करू. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. वय अठरा. शाकाहार सोडायचा नाही आणि लुगडंही सोडायचं नाही, हे ठरवूनच त्या गेल्या. न्यूजर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या उतरल्या. त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. त्या घरात माया मिळाली. पण पुढं शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला राहावं लागलं, तेव्हा थंडी, अभ्यास आणि जेवण, तिन्ही आघाड्यांवर एकट्यानं लढावं लागलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांना क्षयानं नेलं. दोष अन्नाचा, असं आम्ही म्हणणार नाही. पण दिवसभर राबून आल्यावर आपल्या चवीचं गरम ताट कुणी पुढं ठेवावं, असं तिथं कुणी नव्हतं, हे वाचताना आमच्यातल्या दोघी-तिघींचे डोळे भरून आले.

आनंदीबाई गेल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी राजकोटचा एक मुलगा विलायतेला निघाला. मोहनदास गांधी. ४ सप्टेंबर १८८८ ला त्यानं मुंबईहून बोट पकडली. आई पुतळीबाई पाठवायला तयार नव्हती. तेव्हा बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मुलाकडून शपथ घेवविली, की दारू, परस्त्री आणि मांस यांना शिवायचं नाही. मग आईनं होकार दिला.

लंडनमध्ये पहिले काही आठवडे त्याचे हाल झाले. भाज्या नुसत्या पाण्यात उकडलेल्या, ना मीठ ना मसाला. पाव-जॅम असायचं, पण आणखी पाव मागायची लाज वाटायची. पुढं एका विधवा बाईच्या घरी राहिला, तर तिच्या मुली एखाद-दुसरा तुकडा जास्त वाढायच्या. त्यांना काय ठाऊक, की या पोराला अख्खा पाव पुरला असता! आमच्या काकूंसारखंच झालं. भूक होती, पण बोलता येत नव्हतं.

त्या घरमालकिणीनंच सांगितलं, की शहरात शाकाहारी खानावळी आहेत. मग हा रोज दहा-बारा मैल पायपीट करत खानावळ शोधायचा. शेवटी फॅरिंग्डन रस्त्यावर एक सापडली. दाराजवळच्या काचेत पुस्तकं विकायला होती. त्यातलं हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक त्यानं एक शिलिंग देऊन घेतलं आणि मग आत जाऊन जेवला. विलायतेत आल्यापासूनचं ते पहिलं पोटभर जेवण, असं त्यांनी स्वतःच पुढं आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

आता तुम्ही विचाराल, की साहेबांच्या देशात शाकाहारी खानावळ आली कुठून? तिथंही गोष्ट एका बाईपर्यंत जाते. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गावात १८०९ साली ख्रिस्ती लोकांचा एक छोटा पंथ निघाला. मांस आणि दारू सोडायची, हा त्यांचा नेम. पण मांस सोडा म्हणणं सोपं, रोज चुलीवर काय ठेवायचं? त्या पंथातल्या मार्था ब्रदरटन या बाईंनी १८१२ पासून बिनमांसाच्या पदार्थांच्या कृती छापायला सुरुवात केली. पुढं त्याचं पुस्तक झालं. इंग्रजीतलं शाकाहारी स्वयंपाकाचं ते पहिलं पुस्तक मानतात. त्यावर बाईंचं नाव मात्र छापलेलं नव्हतं. १८४७ मध्ये रॅम्सगेट गावी शाकाहारी मंडळ स्थापन झालं, तेव्हा सभेचे अध्यक्ष होते मार्थाबाईंचे यजमान. पुढच्या वर्षी मँचेस्टरला पहिली वार्षिक सभा भरली, तेव्हा दोनशेवर माणसं एकत्र जेवायला बसली. मंडळाची सभा म्हणजे भाषणं आणि जेवण, दोन्ही. शाकाहार म्हणजे उपासमार, अशी लोकांची समजूत होती. ती नुसत्या भाषणानं जाणार नव्हती, भरलेलं ताट दाखवावं लागत होतं. भाषणं करणाऱ्यांची नावं इतिहासात राहिली. त्या दोनशे माणसांच्या पानात जे पडलं ते कुणी निवडलं, कुणी चिरलं, हे आम्हाला कुठं सापडलं नाही.

असो. मोहनदास या मंडळींत रमला, आणि लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही आला. तोवर आईच्या शपथेखातर पाळत असलेला नेम आता तो मनापासून पाळू लागला. पण बोलायला उभं राहिलं, की पाय लटपटायचे. व्हेंटनर गावी भाषणाला बोलावलं, तेव्हा कागदावर लिहून नेलेलं भाषणही वाचता येईना. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बरोबरच्या मित्राला ते वाचून दाखवावं लागलं.

अशा या लाजाळू मुलानं १८९१ च्या सुमारास आपण राहत होतो त्या बेझवॉटर भागात शाकाहारी क्लब काढला. डॉक्टर ओल्डफिल्ड अध्यक्ष झाले. ते शाकाहारी मंडळींच्या साप्ताहिकाचे संपादक आणि मोहनदासचे खोलीतले सोबती. उपाध्यक्ष म्हणून सर एडविन अर्नोल्ड यांना गळ घातली. हे अर्नोल्डसाहेब तरुणपणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य होते आणि गीतेचं त्यांनी इंग्रजी काव्यात भाषांतर केलं होतं. चिटणीस झाला मोहनदास स्वतः. ओल्डफिल्डसाहेबांनी पुढं आठवण सांगितली, की आम्ही दोघं खोलीवर माणसं जेवायला बोलवायचो. बेत काय, तर मसुराचं सूप, भात आणि मोठ्या मनुका. थाटमाट नाही, पण येणारा जेवून जायचा आणि बोलून जायचा.

तो क्लब काही महिन्यांतच बंद पडला. चिटणीसच दुसरीकडं राहायला गेला, मग सांभाळणार कोण? आपल्याकडं गट बंद पडतात ते बऱ्याचदा असेच. पण गांधीजींनी लिहून ठेवलं आहे, की संस्था कशी उभारायची आणि चालवायची, याचं थोडंफार शिक्षण आपल्याला त्या छोट्या क्लबातच मिळालं. पुढं ज्यानं लाखो माणसं एकत्र आणली, त्याचा श्रीगणेशा चार माणसांच्या जेवणावळीत झाला. म्हणून गटाच्या सहलीचा हिशेब, निरोप, सामानाची यादी करणाऱ्या बाईला कुणी "तिला काय काम, जेवणं घालते" असं म्हणू नये.

त्या क्लबवाल्यांपुढं एक अडचण रोजची होती. मांस म्हणजे नक्की काय? कुणी म्हणे, पशुपक्ष्यांचं मांस नको, मासे चालतील. कुणी म्हणे, मासेही नकोत, अंडी चालतील. कुणी दूधसुद्धा वर्ज्य मानायचे. मोहनदासनं काही दिवस अंडी खाऊन पाहिली. मग विचार केला, की शपथ आईपुढं घेतली, तर शब्दाचा अर्थही आईचाच धरायला हवा, आणि आई अंड्याला मांसातच धरते. अंडी बंद केली. पण शाकाहारी खानावळीतल्या कितीतरी पदार्थांतही अंडं असायचं. पुडिंग, केक, काहीही खायचं तर आधी विचारावं लागे, यात काय काय घातलंय? संकोच वाटे, पण विचारत गेला. आम्हाला वाटतं, हा प्रश्न जेवणाऱ्यानं विचारण्याआधी वाढणाऱ्यानं विचारावा.

बॅरिस्टर होऊन १२ जून १८९१ ला मोहनदास परत निघाला. निघायच्या सुमारास त्यानं मित्रांना जेवण दिलं, आणि तेही शाकाहारी खानावळीत नाही. हॉलबर्न नावाच्या बड्या, मांसाहारी हॉटेलात जाऊन व्यवस्थापकाशी बोलला आणि त्यांच्याकडून पूर्ण शाकाहारी जेवण करवून घेतलं. संगीत झालं, भाषणं झाली. आपणही एक विनोद सांगायचा, म्हणून त्यानं तयारी केली होती. उभा राहिला, पहिल्या वाक्यानंतर सगळं विसरला, आल्याबद्दल आभार मानले आणि खाली बसला. बोलता आलं नाही, पण पंगत व्यवस्थित पार पडली होती.

पुढचा भाग दक्षिण आफ्रिकेतला, कारण गांधीजी वकिली करायला तिकडं गेले. जोहान्सबर्गला ते शाकाहारी खानावळीतच जेवायचे. १९०४ साली हेन्री पोलॉक आणि अल्बर्ट वेस्ट हे दोन इंग्रज त्यांना तिथंच भेटले, आणि दोघंही पुढं लढ्यातले साथी झाले. पण याच खानावळींपायी गांधीजींनी एक चूकही केली. एका बाईंना मोठी खानावळ काढायची होती. खर्चाचा हात सैल, हिशेब येत नाही. गांधीजींकडं एका अशिलाचा पैसा ठेवायला दिलेला होता. त्याला विचारून त्यांनी त्यातले एक हजार पौंड त्या बाईंना दिले. दोन-तीन महिन्यांत कळलं, की पैसे परत येत नाहीत. अशिलाची पै न पै गांधीजींनी स्वतःच्या खिशातून भरली. काम कितीही चांगलं असो, दुसऱ्याच्या ठेवीतून ते करायचं नसतं, हे त्यांना महागात शिकायला मिळालं. आपल्या गटाची पेटी जिच्याकडं असते, तिनं हे ऐकून ठेवावं.

शेवटची गोष्ट टॉलस्टॉय फार्मची. १९१० साली, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना आसरा म्हणून जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर ही वाडी उभी राहिली. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, गुजराती, तमिळ, तेलुगू, सगळे एकत्र. स्वयंपाकघर मात्र एकच ठेवायचं होतं. मग मांसाचं काय? गांधीजी स्वतः कट्टर शाकाहारी, पण त्यांनी हुकूम सोडला नाही. त्यांनी ठरवलं होतं, की या बायाबापड्यांनी मांस मागितलं, अगदी गोमांस मागितलं, तरी द्यायचं. ज्यांचे नवरे, मुलं तुरुंगात होती त्या बहिणींशी ते बोलले. बहिणींनी आपणहून सांगितलं, की एकच चूल राहू दे, शाकाहारीच राहू दे. रमजान आला तेव्हा मुसलमान मुलांबरोबर बाकीच्यांनीही दिवसभराचा उपास धरला आणि ते संध्याकाळी एकदाच जेवले.

वाडीवरून शहरात स्वतःच्या कामाला जायचं तर पायी. पहाटे दोन-अडीचला निघायचं. शहरात खाण्यावर खर्च करायचा नाही, शिदोरी बरोबर. शिदोरीत काय? घरच्या जात्यावर दळलेल्या गव्हाचा पाव, भाजलेले शेंगदाणे दळून केलेलं लोणी आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा. शेंगदाण्याचं लोणी साध्या लोण्याच्या चौथाई किमतीत पडे. हे वाचल्यावर आमच्या एका मैत्रिणीनं लगेच जातं मागितलं!

मैत्रिणींनो, हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही काकूंच्या घरी गेलो. माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मटण खाल्लं त्याचं मला काही नाही गं. मला कुणी विचारलं नाही, त्याचं वाटलं."

यंदाच्या सहलीची वही आम्ही आताच उघडली आहे. पहिल्या पानावर वर्गणी नाही. पहिल्या पानावर प्रत्येकीचं नाव आणि त्यापुढं तीन रकाने आहेत: काय चालतं, काय चालत नाही, उपास कधी. रश्श्याचं पातेलं आणि त्याची पळी वेगळी राहील, तिथं वाढायला एकजण ठरलेली असेल. शेंगदाण्याचं लोणी मात्र सगळ्यांना. वही काकूंकडं दिली आहे. यंदाच्या चिटणीस त्याच.