दुखण्याची भाषा

वैद्यापुढे बसलेला माणूस आपले दुखणे आपल्या बोलीत सांगतो; पण त्याला विचारावयाचे प्रश्न पुष्कळदा दूरदेशी जन्मलेले असतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९४९ साली तयार झालेली आरोग्य-प्रश्नावली अशीच होती. तीत १९५ प्रश्न होते. १४४ शरीराविषयी आणि ५१ मनाविषयी. उत्तर द्यावयाचे ते केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’.

चंडीगढ येथे १९६२ साली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तेथे मनोविकार विभाग सुरू केला. तेथील अभ्यासकांनी ही प्रश्नावली हिंदीत आणली. परंतु शब्दाला शब्द ठेवल्याने प्रश्न आपला होतोच असे नाही. ‘मन खिन्न असते काय?’ या प्रश्नाला जी गृहिणी ‘नाही’ म्हणेल, तीच ‘डोके जड होते काय?’ असे विचारताच भरभरून बोलू लागेल. आपल्या मराठीतही ‘जीव घाबरतो’, ‘अंगात त्राण नाही’ या उद्गारांत शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीणच. डॉ. विग आणि डॉ. वर्मा यांनी १९७३ साली अवघ्या ३८ प्रश्नांची स्वतंत्र हिंदी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत शरीराच्या तक्रारींना मनाच्या तक्रारींशेजारी स्थान मिळाले.

या खटाटोपाचे मोल लवकरच दिसून आले. चंडीगढजवळील रायपूर रानी हा ग्रामीण भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पाहणीत सामील होता. कोलंबिया, सुदान आणि फिलिपाइन्स हे इतर देश. चारही देशांत साध्या दवाखान्यांत आलेल्या १,६२४ रुग्णांपैकी २२५ जणांना मनाचा विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक जण डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन आले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतानुसार दवाखान्यातील आरोग्यसेवकांना त्यांपैकी एक-तृतीयांशच ओळखता आले. उरलेले बहुधा डोकेदुखीची गोळी घेऊन घरी परतले असतील.

यावरून प्रश्नावलीच्या भाषांतराचे खरे स्वरूप ध्यानात येते. परभाषेतील शब्दाला प्रतिशब्द शोधणे हा त्यातला सोपा भाग. ज्याला प्रश्न विचारावयाचा, तो आपली व्यथा कोणत्या शब्दांत बोलतो हे आधी ऐकून घेणे, हाच अवघड भाग होय.